शमीमबाईंनी निवडलेलं कार्ड

ईशान आणि तन्वी,

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आजी, तुझ्या नावावर एक क्रेडिट कार्ड काढू या. पॉइंट साठतील आणि त्यावर तुझं विमानाचं तिकीट निघेल." मी "बघू" म्हणाले आणि तिकडच्या थंडीची चौकशी करायला लागले. विषय बदलला हे तुमच्या लक्षात आलं असणारच. त्या वेळी मला समोरच्या घराची बंद खिडकी दिसत होती आणि शमीमबाईंचा आवाज ऐकू येत होता, "बाई, बारीक अक्षरातलं आधी वाचा. मोठ्या अक्षरातलं त्यांचं त्यांना वाचू द्या."

तुम्ही त्यांना एकदाच भेटलात, अगदी लहान असताना. त्यांनी तुमच्या हातातली चॉकलेटं काढून घेतली, चष्मा कपाळावरून खाली ओढून वेष्टनावरची तारीख वाचली आणि मग परत दिली. तन्वी तेवढ्यात रडून मोकळी झाली होती.

शमीम शेख आमच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या आणि मी इंग्रजी. नोकरीत असताना आमची नुसती ओळख होती. मैत्री झाली ती दोघी निवृत्त झाल्यावर, दोघींचेही यजमान गेल्यावर. गेल्या वर्षी त्या मस्कतला, लेकीच्या घरी, झोपेत गेल्या. तिथंच त्यांना दफन केलं. इथल्या घराला कुलूप आहे आणि गल्लीतल्या कुणालाच अजून त्या कुलपाकडे बघायची सवय झालेली नाही.

संशय घेणं ही त्यांची रोजची शिस्त होती, जशी माझी सकाळी अंथरुणाची घडी घालण्याची. गॅसचं सिलिंडर आलं की आधी काट्यावर, मग घरात. टोमॅटो नेहमी ढिगाच्या तळातले. एखाद्या मुलीला पैकीच्या पैकी मार्क पडले, तर तो पेपर त्या पुन्हा पहिल्यापासून तपासत, कारण आपलीच काहीतरी चूक झाली असणार. एकदा आम्ही बाजारात गाऊन घ्यायला गेलो. दुकानावर पाटी होती, एकावर एक फ्री.

"मला एकच द्या, अर्ध्या किमतीत," शमीमबाई म्हणाल्या.

"तसं न्हाय मॅडम. एक घेतला तर दुसरा फुकट."

"दुसरा नको मला. फुकटचा तुमच्याकडंच ठेवा आन त्याचे पैसे तेवढे कमी करा."

"अहो, फुकटच्याचे पैसे कसे कमी करू?"

"मंग फुकट कुठं झाला तो?"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. आम्ही गाऊन न घेता परतलो आणि बाई वाटभर खुशीत होत्या.

हा स्वभाव आला कुठून, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांचं माहेर तेरखेड्याचं. वडिलांचा फटाक्यांचा कारखाना, म्हणजे शेताच्या कडेला पत्र्याच्या दोन खोल्या. लहानपणी घरात एकच धडा होता, की विझलेली वात विझलीच आहे असं समजायचं नाही. "अब्बा म्हणायचे, जे गप पडलंय त्याच्याजवळ लवकर जायचं नाही. आवाज करणारं परवडलं." गोड बोलणाऱ्या माणसांविषयीही त्यांचं हेच मत होतं.

आमच्या गल्लीत विमलताई राहते. तिचा नवरा एसटीत वाहक आहे. एकदा तिला फोन आला, खातं बंद पडणार म्हणून. तिने घाबरून मोबाइलवर आलेले ओटीपीचे आकडे सांगितले आणि मुलीच्या फीसाठी ठेवलेली रक्कम गेली. त्या संध्याकाळी शमीमबाईंनी साऱ्या गल्लीला आपल्या अंगणात बसवलं. फळा नव्हता एवढंच, बाकी वर्गच. अनोळखी माणूस आला, कुणाचंही नाव घेऊन घर विचारलं, तर उत्तर एकच द्यायचं, माहीत नाही. फोनवर कुणी "मॅडम" म्हणालं की फोन ठेवायचा.

त्या नुसतं शिकवून थांबणाऱ्या नव्हत्या. भूमचे त्यांचे एक लांबचे दीर होते. त्यांना गल्लीत कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यांना बोलावून बाईंनी दारोदार पाठवलं, "शेख मॅडमचं घर कुठलं हो?" किराणावाले गफूरभाई भले माणूस. ते दुकानाबाहेर येऊन हात लांब करून दाखवायला लागले. शमीमबाई कोपऱ्यावरच उभ्या होत्या.

"गफूरभाई! नापास!"

"अवं आपा, पाव्हणा दिसला म्हणून..."

"चोर काय चोरासारखा दिसतो व्हय?"

पुढल्या खेपेला सारी गल्ली पास झाली. त्या दीरांना तर कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

आता कार्डाचं सांगते.

शमीमबाईंची एकुलती एक लेक रुबिना. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले. जावई इरफान मस्कतला नोकरीला. तो आठवड्याला फोन करी, अम्मीजान म्हणे, तब्येत विचारी. नेमकं तेच शमीमबाईंना खटके. "लई गोड बोलतो, बाई." तो म्हणाला, "अम्मीजान, तिकीट पाठवतो, तुम्ही फक्त या." बाईंनी विचारलं, परतीचं? तो म्हणाला, ते नंतर काढू, घाई काय आहे.

त्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या आणि बराच वेळ चहाला हात न लावता बसल्या. मग त्यांनी थोरल्या बहिणीचं सांगितलं. त्यांची आपा अशीच मुलाकडे परदेशी गेली होती, त्याने काढलेल्या तिकिटावर. परतीचं नंतर काढू म्हणून. "तिथं तिला कुणी छळलं न्हाय. खायला-प्यायला चांगलं, कपडे चांगले. फक्त, मला घरी जायचंय म्हणली की सगळे हसायचे. पुढच्या महिन्यात जाऊ म्हणायचे. बाई, ती हसण्यावारी नेलेली बाई होऊन राहिली तिथं." मग त्या उठल्या. "मी जाणार. रुबिनाच्या पहिल्या बाळंतपणाला मी न्हाय तर कोण? पण जायचं तिकीट माझं आन यायचं तिकीट माझं."

मी म्हटलं, आपल्या गावात तिकिटांचा एजंट आहे की. तो इरफानच्या चुलत्याचा मित्र निघाला. मी म्हटलं, माझा मुलगा तिकडून काढून देईल. "म्हंजे मंग चावी तुमच्या मुलाच्या हातात." डेबिट कार्डाने काढू म्हटलं, तर त्या कार्डाला पेन्शनचं खातं जोडलेलं, आणि तो नंबर इंटरनेटवर टाकणं त्यांना कपाट उघडं टाकून गावाला गेल्यासारखं वाटे. अशा रीतीने, दुसरं काहीच न उरल्यामुळे, धाराशिवातली सर्वांत संशयी बाई क्रेडिट कार्ड घ्यायला निघाली.

अडचण आणखी एक होती. व्याज त्यांना वर्ज्य, घेणंही आणि देणंही. बचत खात्यावर बँक जे व्याज टाकी, ते त्या वेगळं काढून कुणा अडलेल्याला देत आणि ते पुण्यात धरत नसत. "घरातला कचरा बाहेर काढला, त्यात कसलं पुण्य?" तेव्हा कार्ड असं हवं होतं, की ज्यावर फी नाही किंवा नावाला आहे, जे देतो म्हणतील ते खरोखर मिळतं, आणि व्याजाचा शिंतोडा कधी उडणार नाही.

आम्ही दोघींनी माहितीपत्रकं गोळा केली. मी इंग्रजी वाचून अर्थ सांगायची, त्या शंका काढायच्या. पहिल्या वर्षी फी माफ? मग दुसऱ्या वर्षी कोण आठवण करणार? इतका खर्च केला तर फी परत? म्हणजे फी वाचवायला खर्च वाढवायचा का? सिनेमाच्या तिकिटावर सूट, हॉटेलात सूट. "मी सिनेमाला जात न्हाय, हॉटेलात जेवत न्हाय. हे बक्षीस माझ्यासाठी न्हाय, मला बदलण्यासाठी आहे." हे वाक्य मला इतकं आवडलं, की मी ते माझ्याच पत्रकाच्या समासात लिहून ठेवलं.

मग आम्ही बँकेत गेलो. तिथे देशमाने म्हणून एक अधिकारी होते. टाय, तेल लावून बसवलेले केस, चकचकीत कागद.

"मॅडम, हे आपलं खास कार्ड. विमानतळावर लाउंज फ्री."

"लाउंज म्हंजे?"

"बसायला सोफा, चहा, नाश्ता."

"इथं स्टँडवर बाकडं मिळंना, आन तुम्ही मला मुंबईत सोफ्यावर बसवता? त्याचे किती घेता?"

"फ्री आहे मॅडम."

"आन कार्डाचे?"

देशमान्यांनी आवाज उतरवून वर्षाची फी सांगितली.

"मंग सोफा माझाच झाला की."

देशमाने हसले आणि पॉइंटांकडे वळले. शंभर रुपयांना इतके पॉइंट. बाईंनी विचारलं, एक पॉइंट म्हणजे किती पैसे? त्यांना ठाऊक नव्हतं. "एकक न लिहिता उत्तर लिहिलं, तर मी मार्क कापायची," असं म्हणून बाईंनी हात बांधले. देशमान्यांनी कुणाला तरी फोन लावला. पॉइंटाची किंमत रुपयाहूनही कमी, पैशांत निघाली, आणि तीसुद्धा वस्तू घेतली तर एक आणि तिकीट घेतलं तर दुसरी. शिवाय ठरावीक मुदतीत वापरले नाहीत तर पॉइंट जातात.

"कुठं जातात?"

"लॅप्स होतात, मॅडम."

"म्हंजे तुमच्याकडं परत."

देशमाने आता घामाघूम झाले होते. धीर देण्यासाठी म्हणाले, "आणि मॅडम, पूर्ण बिल भरलंच पाहिजे असं काही नाही. मिनिमम ड्यू, म्हणजे थोडीशी रक्कम, भरायचा. बाकीच्यावर व्याज लागतं तेवढंच. टेन्शनच नाही."

शमीमबाईंचा चेहरा वर्गात कुणी खडू फेकल्यावर व्हायचा तसा झाला. त्यांनी आरडाओरडा केला नाही. शांतपणे विचारलं, "देशमाने, आई आहे का तुम्हाला?"

"आहे की मॅडम. घरी असते."

"तिला दिलं का हे कार्ड?"

पंख्याने पत्रकाची पानं फडफडत होती, त्यांवर देशमान्यांनी हात ठेवला.

"नाही."

"का न्हाय?"

देशमान्यांनी चकचकीत कागद बाजूला सारला. खालच्या खणातून एक साधा कागद काढला, त्याच्यावर चित्रसुद्धा नव्हतं. या कार्डाला फी नव्हती. किराणा, वीजबिल आणि औषधं यांवर थोडीशी रक्कम परत मिळे, पॉइंट नाही, सरळ पैसे, पुढच्या बिलातून वजा. आणि पूर्ण बिल महिन्याच्या महिन्याला खात्यातून आपोआप भरायची सोय. "आईला द्यायचं झालं तर हे देईन."

"मंग आधी का न्हाय दाखवलं?"

"यावर आम्हाला काही सुटत नाही, मॅडम."

"हां," शमीमबाई म्हणाल्या आणि पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली. "आता खरं बोललात. आणा अर्ज."

घरी परतताना त्या म्हणाल्या, "तरी पण बाई, खरं बोलणाऱ्या माणसाचं जास्त सांभाळून ऐकावं लागतं."

अर्ज गेला. रुबिनाचे दिवस भरत आले होते. आणि एका दुपारी मोबाइलवर निरोप आला, अर्ज नामंजूर, राहत्या पत्त्याची खात्री होऊ शकली नाही.

मी बुचकळ्यात पडले. त्याच्या आदल्या दिवशी मी दवाखान्यात गेले होते, म्हणून मला काही ठाऊक नव्हतं. विमलताईला विचारलं, तर ती फुशारून सांगायला लागली.

"आलता की एक जण. फटफटीवर, हेल्मेट घालून. शेख मॅडम कुठं राहतात म्हणला. म्या म्हणलं, असं कुणी न्हाय इथं. मंग गफूरभाईला इचारलं त्यानं. गफूरभाई म्हणले, मी नवीन आहे गावात."

"गफूरभाई? त्यांचं दुकान त्यांच्या वडिलांपासून आहे!"

"व्हय की. लई झ्याक बोलले."

मी शमीमबाईंकडे वळले. "पण तुम्ही घरातच होता ना?"

"होते. खिडकीतून बघत होते त्याला," त्या म्हणाल्या. "हेल्मेट काढलं न्हाय त्यानं. म्हणून मी दार उघडलं न्हाय."

क्षणभर त्यांना अभिमान वाटत होता, मला दिसलं. गल्ली पैकीच्या पैकी मार्कांनी पास झाली होती. मग त्यांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली आणि त्या खाटेवर बसल्या. रुबिनाच्या तारखेला फार दिवस उरले नव्हते. इरफानचं तिकीट अजूनही येऊ शकत होतं, एका बाजूचं. "आता काय करू, बाई?" असं त्यांनी मला आयुष्यात एकदाच विचारलं, ते त्या दिवशी.

आम्ही पुन्हा देशमान्यांकडे गेलो. सगळं ऐकून ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, "चौकशीला पुन्हा माणूस पाठवायला लावतो. पण मॅडम, या वेळी कुणीतरी हो म्हणायला पाहिजे."

मग शमीमबाई दारोदार फिरल्या. मी बरोबर होते. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाच्या दारात उभं राहून काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. "एक माणूस येईल. त्याला सांगा, शमीम शेख इथंच राहते."

विमलताईने डोळे बारीक केले. "आपा, तुमी आमची परीक्षा घेताय."

"न्हाय गं. खरंच येणार आहे."

"भूमचे पाव्हणे आले तवा बी खरंच वाटलं हुतं."

"विमल, अल्लाची शपथ!"

"शपथेवर इश्वास ठेवायचा न्हाय, हे तुमीच सांगितलं."

गफूरभाई तर आणखी पुढे गेले. म्हणाले, "आपा, तुम्हाला कुणी धमकावलंय का? असं असंल तर नुसती मान हलवा." शेवटी मी मध्ये पडले. शिक्षिकेच्या आवाजात सांगितलं, की परीक्षा नाही, बाईंना लेकीकडे जायचंय आणि ते तुमच्या एका 'हो'वर अडलंय. त्यावर विमलताई लगेच कबूल झाली. तिलाही मुलगीच आहे.

माणूस आला तेव्हा गल्लीने कसर भरून काढली. आधी त्याला हेल्मेट काढायला लावलं, ओळखपत्र तपासलं, मग खुर्ची दिली. त्याने विचारलं, शेख मॅडम इथं राहतात का? विमलताई म्हणाली, "राहतात म्हंजे? माझ्या लगनाच्या आधीपासनं राहतात. माझी पोरगी गणितात पास झाली ती त्यांच्यापायी, एक रुपया घेतला न्हाय." गफूरभाई म्हणाले, "उधारी? त्यांची? साहेब, त्या माझीच वजनं तपासून घेतात. पण माझी बायको दवाखान्यात होती तवा दुकान कुणी सांभाळलं, इचारा." त्या माणसाला फक्त पत्त्यापुढे खूण करायची होती. त्याची चहा पिऊन सुटका झाली.

शमीमबाई दाराआड उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. तो गेल्यावर बाहेर आल्या आणि पदराने नाक पुसत म्हणाल्या, "एवढी तारीफ कशाला करत होते? काय पाहिजे असंल यांना?"

कार्ड आलं. माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर आम्ही दोन्ही तिकिटं काढली, जाण्याचं आणि येण्याचं. दोन्हींवर त्यांचं नाव, दोन्हींचे पैसे त्यांचे. परतीची तारीख त्यांनी तीनतीनदा माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतली. मग त्या गेल्या, आणि नात झाली, रुबिना सुखरूप सुटली, हे सगळं फोनवर कळत राहिलं.

परतीच्या दिवसाच्या आदल्या सकाळी रुबिनाचा फोन आला. "आंटी, अम्मी अजून राहतायत. व्हिसा वाढवून घेतलाय. परतीचं तिकीट कॅन्सल केलं."

फोन रुबिनाचा होता, बाईंचा नव्हता. मला त्यांची आपा आठवली, घरी जायचंय म्हटल्यावर हसणारी माणसं आठवली. मी म्हटलं, मला त्यांच्याशी बोलायचंय, आत्ता, आणि चेहरा बघून.

शमीमबाई पडद्यावर आल्या. अंगाने थोड्या भरल्या होत्या. खांद्यावर बाळ होतं. मी इकडचं तिकडचं काही न बोलता विचारलं, "शमीमबाई, हे तुम्ही ठरवलंत की त्यांनी?"

त्या हसल्या नाहीत. त्यांना माझा प्रश्न पुरता कळला होता. "थांबा," म्हणाल्या. त्यांनी बाळाला पलंगावर निजवलं आणि फोन उचलून सगळ्या खोलीत फिरवला. दार लावून दाराची मागची बाजू दाखवली. पडदा सारला. कपाट उघडलं, आत इरफानचे इस्त्रीचे शर्ट होते. "बघा. कुणी न्हाय. आता विचारा."

"तिकीट कुणी रद्द केलं?"

"मी. माझ्या कार्डावर काढलेलं, मीच रद्द केलं. रुबिनाला म्हणलं, तुम्हाला कळव, मला लाज वाटत होती."

"पैसे कापले असतील."

"लई कापले."

"भांडलात का?"

"न्हाय," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच नजर चुकवली. "भांडायला वेळ न्हाय हो, बाई. ही झोपतच न्हाय."

तेवढ्यात बाळ रडायला लागलं. त्यांनी फोन पलंगावर उताणा टाकला. मला फक्त छत दिसत होतं आणि हळू फिरणारा पंखा. मग त्यांचा आवाज आला, वर्गातलाच, पण मी कधी न ऐकलेल्या चालीत. दो एकम दो, दो दूनी चार. रडणं कमी कमी होत गेलं आणि पाढा हळू हळू होत गेला. फोन चालू आहे हे त्या विसरल्या होत्या. मीही तो बंद केला नाही.

तुमची,
आजी